मिनीमॅप बंद केला, आता जायचं कुठे?

प्रश्न : 'घोस्ट रिकॉन ब्रेकपॉइंट' हा लष्करी नेमबाजीचा गेम जास्त खरा वाटावा म्हणून मिनीमॅपसकट (कोपऱ्यातला छोटा नकाशा) स्क्रीनवरच्या सगळ्या खुणा एकदम बंद केल्या. आता मोहिमेचं ठिकाणच सापडत नाही, दर दोन मिनिटांनी नकाशा उघडावा लागतो. काय चुकतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चुकतोय तो क्रम. प्रत्येक खूण बंद करण्याआधी स्वतःला विचारा : ही खूण मला गेममधल्या सैनिकाला ठाऊक नसणारी गोष्ट सांगते, की त्याच्याकडे असलेली पण खुर्चीत बसून मला न मिळणारी जाणीव भरून काढते? पहिल्या प्रकारची खुशाल काढा, दुसऱ्या प्रकारची जपा.

हा गेम ऑक्टोबर 2019 मध्ये आला तेव्हा त्यात बंदूक, टोपी, हातमोजे, सगळ्यांना आकडी दर्जा होता, म्हणजे आकडा मोठा तितकी वस्तू सरस. खरेपणाला सर्वात मोठा धक्का तिथेच बसत होता. मार्च 2020 मधल्या 'घोस्ट एक्सपिरियन्स' अपडेटने हा दर्जा बंद करण्याची सोय दिली. सुरुवात तिथून करा. मग 'एक्सप्लोरेशन' पद्धत निवडा. हीच पायरी तुमच्याकडून राहिलेली दिसते. या पद्धतीत ठिकाणावर थेट खूण येत नाही. अमुक तळ्याच्या दक्षिणेला, तमुक प्रांतात, असे लेखी धागे मिळतात आणि नकाशा वाचून जागा हुडकता येते. हे धागे नसताना खुणा काढल्या तर माहितीच उरत नाही आणि मग नुसती वणवण होते.

यानंतर मिनीमॅप बंद करा. दोन-तीन मोहिमा झाल्या की शत्रूंच्या डोक्यावरच्या खुणा आणि शेवटी क्रॉसहेअर (नेम दाखवणारी मधली फुली). शत्रूची नजर आपल्यावर पडतेय हे दाखवणारी खूण मात्र राहू द्या. माणसाला डोळ्यांच्या कडांनीही दिसतं, मॉनिटरवर फक्त समोरचं. त्या खुणेने ही उणीव भरून निघते, तिला फसवणूक समजू नका.

एकच मुख्य बंदूक बाळगण्याचा आणि मॅगझिन बदलताना त्यातल्या उरलेल्या गोळ्या गमावण्याचा पर्यायही सुरू करा. चार गोळ्या झाडल्या की हात आपोआप रीलोडकडे जातो. ती सवय पहिल्याच चकमकीत महागात पडते आणि गोळ्या मोजायची शिस्त आपसूक लागते.

प्रश्न : 'फार क्राय 2' या नेमबाजीच्या गेममध्ये ऐन गोळीबारात बंदूक अडकते. खरेपणाच्या नावाखाली हा निव्वळ त्रास नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. 2008 च्या या गेममधली आम्हाला सर्वात आवडणारी गोष्ट हीच आहे, कारण तिची सूचना आधी मिळते आणि तीही बंदुकीवरच. शत्रूच्या हातून पडलेली बंदूक गंजलेली, मळकी असते. ती लवकर अडकते आणि फारच वापरली तर हातातच फुटते. त्यामुळे ती तात्पुरतीच वापरायची. हिरे (गेममधलं चलन) देऊन दुकानातून एकदा बंदूक विकत घेतली की शेजारच्या शस्त्रागारातून तीच नवी कोरी बंदूक हवी तितक्या वेळा मिळते. मोठ्या मोहिमेवर निघताना दर वेळी बदलून घ्या. वाटेत धातूवर तांबूस डाग दिसू लागले की नव्या लढाईत उतरू नका. अडकलीच तर आधी आडोसा गाठा, मग रीलोडचं बटण दाबून मोकळी करा.

नकाशाही तसाच, पात्राच्या हातात धरलेला. तो उघडला तरी गोळ्या सुरूच राहतात, म्हणून आधी झाडामागे जायचं. या गेमचा खरेपणा मोडतो तो दुसरीकडे : साफ केलेल्या नाक्यावर थोड्या वेळाने परत या, तिथे पुन्हा पहारेकरी उभे. केलेल्या कामाची जगाने दखल घेतली नाही की मन उडतं. नाक्यांना वळसा घालून नदीने बोटीतून जा, हा त्रास बराच कमी होतो.

प्रश्न : 'आर्मा 3' या लष्करी गेममध्ये गोळी कुठून आली तेच कळत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन आवाज वेगळे ओळखायला शिका. गोळी ध्वनीहून वेगवान असते, म्हणून आधी ती जवळून जातानाचा कडाडा ऐकू येतो आणि मागून बंदुकीचा धप्प आवाज. दिशा दुसऱ्या आवाजावरून ठरवा. 5.56 मिमीच्या रायफलीसाठी दोन्ही आवाजांत अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त अंतर पडलं तर नेमबाज साधारण 400 मीटरवर आहे. हेडफोन साधे स्टीरिओ चालतील, पण गेमच्या ध्वनिरचनेवर विंडोजचा किंवा हेडफोनचा कृत्रिम सराउंड चढवू नका. दोन थरांत दिशा गढूळ होते.

आणि गवतात लपू नका. दूरच्या खेळाडूला ते दिसतच नाही, शिवाय भूभागाचं सेटिंग कमी ठेवणाऱ्याच्या स्क्रीनवर जवळचं गवतही गायब असू शकतं. दगड, भिंत, बांध शोधा.

प्रश्न : असे गेम खेळताना अर्ध्या तासात मळमळतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : 24 इंची मॉनिटर 60 सेंटिमीटरवरून पाहिला तर तो नजरेचे जेमतेम 48 अंश व्यापतो. गेममधला दृष्टिकोन ('फील्ड ऑफ व्ह्यू', म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं तो कोन) 60-65 अंशांवर ठेवला तर गणिताने तो खऱ्याच्या जवळ जातो, पण नळीतून पाहिल्यासारखं होऊन अनेकांना गरगरतं. आडवा दृष्टिकोन 85 ते 95 अंश ठेवा, मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर होणं) आणि चालताना डोकं हलण्याचा परिणाम बंद करा. तरीही मळमळलं तर तिथेच थांबा, रेटून खेळू नका.