आधी जू उतरव

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पुलाच्या चढावर उसाची गाडी अडलेली, डावा बैल गुडघ्यांवर आलेला, गाडीवान त्याची शेपटी पिरगाळतोय, त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन रस्त्याकडेला रडतेय, पंधरा-वीस पोरं मोबाईल धरून उभी आणि त्यातलाच एकजण तुला म्हणतोय, "मॅडम, गुन्हा दाखल करा." तू विचारतेस, मी बैलाच्या बाजूनं उभं राहायचं की त्या बाईच्या?

चार पानं लिहिलीस. त्यात जू किती वेळानं उतरलं ते कुठंच नाही. मी तेवढंच शोधत होतो.

पोरी, बाजू नंतर ठरवता येते. आधी जू उतरव. तो बैल पडलेला असताना त्याचा जोडीदार उभा होता ना? मग जू तिरकं झालं असणार, पडलेल्याच्या गळ्यात जोतं, म्हणजे जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा, आवळत असणार. अशा वेळी चाकांना मागून दगड लावायचे, त्या मोबाईलवाल्यांना दांडीखाली खांदा द्यायला लावायचं आणि जोतं सोडत न बसता सरळ कापायचं. उभा बैल बाजूला न्यायचा. पडलेला कुशीवर गेला असेल तर चौघांनी मिळून छातीवर बसता करायचा, नाहीतर पोट फुगून जाईल. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. कोण क्रूर आणि कोण गरीब याचा काथ्याकूट त्यानंतर रात्रभर कर.

हे मी शहाणपणानं शिकलेलो नाही. माझ्या दुसऱ्याच गळीत हंगामात एक बीडकडचा गाडीवान पांढरा बैल घेऊन आला. खांदेसूज एवढी, की वर नारळाची वाटी पालथी घातल्यासारखी दिसे. हात लावला की कातडी थरथरायची. "साहेब, हंगाम संपेपर्यंत तेवढं चालवा." उचल घेतलेली, मजुरी टनावर, मुकादम उरावर. मला दया आली आणि नेमकं तिथंच चुकलं. वेदनाशामक टोचलं आणि कागदावर लिहिलं, 'पूर्ण विश्रांती द्यावी.' विश्रांती मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. बैल दोन दिवस बरा चालला. अंग चोरणं, अडणं ही त्याची बोली होती. मी सुईनं ती बंद केली. तिसऱ्या दिवशी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या रांगेत तो बसला तो उठलाच नाही. रांगेतल्या गाड्या त्याला वळसा घालून पुढं सरकत राहिल्या. माझ्या रजिस्टरला मात्र नोंद होती: 'उपचार केले.'

त्या गाडीवानाला खाटीक समजू नकोस. पोळ्याच्या आदल्या सांजेला हाच माणूस त्याच खांद्यांना लोणी-हळद चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणाला असणार. पण तो गरीब म्हणून बैलानं सोसावं, हा हिशोब कुणी मांडला? दोघांच्या मानेवरचं ओझं एकाच काट्यावर मोजलं जातं.

काट्यावरून आठवलं. तू लिहितेस, जादा भाराचा पुरावा कुठून आणायचा? अगं, काट्यावर गेलेल्या प्रत्येक गाडीची पावती निघते! भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ ऊस, सगळं किलोत. एवढा छापील पुरावा दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याला मिळत असेल? ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांत जनावर आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे भाराचं कोष्टक आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७च्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. यार्डात भरल्या गाडीला जुंपून उभं राहण्याचे तास यात कोण धरतो, ते एकदा विचारून बघ. कसे हसतात ते कळव.

तक्रार जरूर कर. पण प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६०च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, हे माहीत असू दे. पन्नास रुपयांत आज जोत्याची दोरी येत नाही. आणि एकट्या गाडीवानाचं नाव घालून मोकळी होऊ नकोस. एवढा ऊस कुणी भरू दिला, कुणी मोजला, कुणी उतरवून घेतला, तेही लिही. खाली तुझं-माझंही नाव यायला हरकत नाही, आपल्या चहात साखर आहेच.

इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या पोरांनी बैलांच्या मानेवरचा भार हलका व्हावा म्हणून जुवाखाली टेकूचं फिरतं चाक बसवलं होतं, तो फोटो मला निदान वीस जणांनी पाठवला. वीसही जण गहिवरले होते. आपल्या भागातल्या गाडीला ते चाक लागलंय का, असं मी विचारल्यावर दोघांनी अंगठा पाठवला.

त्या पांढऱ्या बैलानंतर मी एकच हट्ट धरला: जू उतरल्याशिवाय जनावराला हात लावणार नाही. रांग अडू दे, कारखान्याच्या शेतकी खात्यातून फोन येऊ दे. फोन आले, बदलीही झाली. घरी म्हणाले, नोकरी करायची की बैलांची वकिली? सोबतचे लोक म्हणायचे, तुमच्या हट्टानं गरिबाचा खाडा होतो. होत होता. एकानं तर माझ्यासमोर पागोटं जमिनीवर ठेवलं, तरी मी इंजेक्शन दिलं नाही. त्याचं त्या हंगामात काय झालं, मी कधी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, एवढं कबूल करतो. बाकी कशाचंही स्पष्टीकरण मी देणार नाही. (बघ, पानभर देऊन बसलो.)

"मी एकटी काय करणार" हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. तू एकटी नव्हतीस, तिथं पंधरा-वीस पोरं होती. त्यांना काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. ओरडायला शीक. "दगड लावा, दांडी धरा" असं दरडावून सांगितलं की लोक मोबाईल खिशात टाकतात, हे मी कितीदा पाहिलंय.

त्या बैलाचं पुढं काय झालं ते कळव. खांदा बघितलास का? आणि त्या बाईला यार्डातून रात्री खोपीवर परत कुणी सोडलं?

पत्रासोबत माझा जुना विळा पाठवतोय. मूठ बदलली आहे, पात्याला काल धार लावून आणली. गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, औषधांच्या पेटीत वरच्या कप्प्यात ठेव.