वाचकांचे प्रश्न : पाळकसाहेब निवृत्त झाले, आता?

प्रश्न : माझे सासरे गेल्या वर्षी चर्चच्या पाळकपदावरून निवृत्त झाले. पाळकनिवास सोडून आम्ही सगळे श्रीरामपुरात स्वतःच्या घरी राहायला आलो. रविवारी जेवायला बसलो की नव्या पाळकांच्या संदेशाची, म्हणजे प्रवचनाची, चिरफाड सुरू होते. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, जुने लोक लग्नाला, मयतीला अजून ह्यांनाच बोलावतात आणि हे जातात. नवे पाळक दुखावलेत असे कानावर येते. मुले उपासनेला यायला टाळाटाळ करू लागलीत. सासऱ्यांना कसे सांगावे?
– एक सून, श्रीरामपूर

उत्तर : सूनबाई, सलाम. मीही निवृत्त पाळकच. तुमचे पत्र मी आमच्या हिला वाचून दाखवले. तिने पहिलाच प्रश्न केला, "ह्यात सासूबाई कुठं आहेत?" त्याकडे येतोच.

आधी मयतीचे, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो. ज्याचे लग्न तुमच्या सासऱ्यांनी लावले, ज्याच्या पोरांचे बाप्तिस्मे केले, त्याची आई गेली की तो रात्री दोन वाजता ओळखीचाच नंबर लावणार. मला असा फोन आला की मी एवढेच विचारतो, "पाळकसाहेबांना कळवलंस का?" म्हणजे आता सेवेवर आहेत त्यांना. नसेल तर आधी त्यांना फोन कर म्हणतो, मग चपला घालतो. कबरस्तानात घरच्या माणसांत उभा राहतो. पाळकांनी वाचायला सांगितले तर शास्त्रवाचन करतो. माती देतानाचे शब्द आणि शेवटचा आशीर्वाद मात्र त्यांचा. लग्नाचे त्याहून सोपे. पत्रिकेत माझे नाव छापण्याआधी पाळकांना विचारा, नाहीतर मी नुसता जेवायला येईन, असे मी सरळ सांगतो. जेवायला बोलावतातच.

हे सासऱ्यांना तुम्ही सांगू नका. सुनेच्या तोंडून ते कडू लागेल. त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या निवृत्त पाळकाला चहाला बोलवा आणि विषय निघू द्या. निघतोच. आम्ही चौघे जमलो की दुसरा विषय नसतो.

संदेशाची चिरफाड हा आम्हा लोकांचा जुनाच रोग. उभा जन्म शनिवारी रात्री मुद्दे जुळवत बसलेला माणूस बाकावर बसून नुसता ऐकू शकत नाही. गप्प बसा म्हणून तो बसणार नाही, त्याला बोलायला दुसरी जागा लागते. आणि जागा आहे. आपल्या नगर जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी एकाच पाळकाकडे अनेक गावांच्या मंडळ्या असतात, एका रविवारी तो सगळीकडे पोचत नाही. नव्या पाळकांनी "साहेब, अमुक वाडीला जाल का?" एवढे विचारले, तर सासरे पहिली एसटी पकडतील आणि तुमच्या जेवणाच्या पाटावर शांतता होईल. पाळकांच्या कानावर हे घालायला मंडळीच्या कमिटीतला कोणीतरी शहाणा वडीलधारा सभासद (आम्ही त्याला 'वडील' म्हणतो) गाठा.

मला स्वतःला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आवडतो. दुपारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात आणि निवृत्ताला त्यातले एक हमखास मिळते. यंदा मला पाचवे आले, "मला तहान लागली आहे." वीज गेलेली, पंखे बंद, बाया उपासनेच्या कागदाने वारा घेतायत आणि पहिल्या बाकावर कमिटीतले एक वडील मनगटावरचे घड्याळ काढून हातात धरून बसलेले. दहा मिनिटे म्हणजे दहा. समोर टँकरची वाट बघणाऱ्या गावांतून आलेली माणसे बसली होती, त्यांना तहान समजावून सांगायची गरजच नव्हती. आठव्या मिनिटाला मी खाली बसलो. वडिलांनी चमकून घड्याळ कानाला लावले.

आता सासूबाई. पाळकाबरोबर पाळकीणबाईही निवृत्त होते, हे निरोपसमारंभात कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याला शाल, हार, पाच भाषणे. तिला एक साडी, तीही बहुतेक वेळा न आवडणाऱ्या रंगाची. महिला मंडळाच्या सभा, नाताळात गात दारी येणाऱ्या पोरांना चहा-करंज्या, रात्री-अपरात्री रडत आलेल्या बाईला भाकरी, हे सगळे तिने बिनपगारी केले आणि एका दिवसात ते दुसऱ्या बाईकडे गेले. आमची ही बरेच दिवस सभेत तोंड उघडत नव्हती. मग मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतला सगळ्यात लहानांचा वर्ग तिने मागून घेतला, कारण तिथे शिकवायला कोणी तयार नव्हते. तुमच्या सासूबाई रविवारी जेवताना काय बोलतात ते जरा ऐका. बहुधा काहीच नाही.

मुलांची काळजी करू नका. आजोबा वाडीला गेले की येतील.

प्रश्न : निवृत्तीनंतर पाळकाला नावाआधी 'रेव्हरंड' लावता येते का? प्रभूभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) देता येते का?
– एक वाचक, जालना

उत्तर : लावता येते. पाळकपदाची दीक्षा जन्माची असते, संपते ती नेमणूक. प्रभूभोजन द्यायचे तर तिथल्या पाळकांचे बोलावणे आणि बिशपांची संमती हवी. पण पद गेले की काम संपले असे वाटत असेल, तर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आपणहून सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते वारले. धाडस म्हणायचे ते हे. आमच्यासारख्यांना पेन्शनच्या तारखेचीच धास्ती.

प्रश्न : तुम्ही दिवसभर करता तरी काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सकाळी दूध, भाजी. पाळकनिवासात नळ गळला की कमिटीला सांगितले, झाले. आता वॉशर कुठल्या मापाचा हे हार्डवेअरवाल्याला मलाच सांगावे लागते, म्हणून जुना वॉशर खिशात घेऊन जातो. दुपारी नातीचे शुद्धलेखन. मग संदेशांच्या जुन्या वह्या लावतो. बायबलातल्या यहेज्केलावरची वही उंदरांनी खाल्ली, बाकी शाबूत आहेत. एका तरुण पाळकाने त्या हौसेने मागून नेल्या आणि अक्षर लागत नाही म्हणून परत आणून दिल्या. नात टाइप करून देते म्हणते, पानाला पाच रुपये. घासाघीस चालू आहे.