मुलींच्या शाळेत घातले, तर त्रास थांबेल का?

"मॅडम, तिला सरळ मुलींच्याच शाळेत घालू का?" मुलीला वर्गात त्रास होतो आहे हे कळल्यानंतरच्या पहिल्या भेटीत बहुतेक पालक मला, समुपदेशक म्हणून, हा प्रश्न विचारतात. त्याची दुसरी बाजूही तितक्याच वेळा ऐकू येते: मुलगा फार हळवा आहे, मुलांच्या शाळेत घातला तर जरा कणखर होईल. दोन्ही प्रश्नांत शाळेतला त्रास मुलगे आणि मुली एकत्र असण्यातून उद्भवतो, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कसे फसते, हे मला एका जुळ्या भावंडांच्या निमित्ताने फार स्पष्ट दिसले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे येथे थोडक्यात दिले आहे.

ही तेरा वर्षांची बहीण-भाऊ एकाच वर्गात शिकत होती. मुलीचे शाळेत जाण्याच्या वेळी रोज पोट दुखू लागले होते आणि डॉक्टरांना त्याचे कारण सापडले नव्हते. वर्गातले मुलगे तिला चिडवतात, असे आईने सांगितले. भावाविषयी मी विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "त्याचं काही नाही. कधी खरचटून येतो, कधी शर्ट फाटतो. मुलग्यांमध्ये एवढं चालायचंच."

मुलगी एकटी भेटली, तेव्हा तिने मुलग्यांविषयीची तक्रार दोन वाक्यांत संपवली. "ते काही बोलले की मीही बोलते. मग ते गप्प बसतात."

"मग त्रास कशाचा होतो?"

"मैत्रिणींचा. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. मी जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबतं. पण त्या मला काहीच करत नाहीत. काहीच न करणाऱ्यांची तक्रार कशी करायची?"

वाळीत टाकण्याला पुरावा नसतो. फाटलेली वही शिक्षकांना दाखवता येते, पण आपण आल्यावर थांबलेले बोलणे कसे दाखवणार? संशोधकांनाही ते उशिराच दिसले. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये शाळेतल्या छळाचा जो पायाभूत अभ्यास केला, तो मुलग्यांविषयीचा होता. गटातून काढणे, अफवा पसरवणे, मैत्री तोडण्याची धमकी देणे या नात्यांतून होणाऱ्या आक्रमणाकडे निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५मध्ये ठळकपणे लक्ष वेधले. तेव्हापासून मुलगे मारतात आणि मुली कारस्थाने करतात असे एक सोपे सूत्र रूढ झाले, आणि माझ्या मते तेही तितकेच दिशाभूल करणारे आहे. नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा थेट मारामारीत आणि धमकावण्यात मुलगे पुढे असल्याचे दिसले, मात्र आडून केलेल्या त्रासात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला.

मी ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारपरंपरेत काम करते. १९२०च्या दशकात व्हिएन्नामध्ये त्यांनी बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली, तेथे मुलाच्या अडचणीचा विचार पालक आणि शिक्षक यांना सोबत घेऊन होत असे. कारण आपल्याला या गटात जागा आहे, ही खात्री मुलाला गटातच मिळते किंवा गटातच नाकारली जाते. म्हणून मी भावंडांनाही एकत्र बोलावते. माझ्या काही सहकाऱ्यांना हा आग्रह अनाठायी वाटतो, पण या वेळी त्याचे चीज झाले.

बहिणीशी वर्गात कोण बोलते आणि कोण बोलत नाही, एवढे सांगण्यासाठी भावाला आईवडिलांच्या समोर बसवले होते. त्याने सगळे व्यवस्थित सांगितले आणि शेवटी सहज म्हणाला, "तिच्याशी कोणी बोलत नाही, ते तरी बरं. माझ्याशीही कोणी बोललं नसतं, तर चाललं असतं."

"तुझ्याशी काय बोलतात?" मी विचारले.

"मला हिच्या नावाने हाक मारतात. सगळेच. खेळाच्या तासाला कपडे बदलताना तर जास्तच."

वडिलांनी विचारले, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, तूही एक ठेवून दे."

त्या भेटीत ठरवलेले बाकीचे सगळे मी बाजूला ठेवले. एकाच घरातल्या, एकाच वर्गातल्या दोन मुलांना त्रास होत होता आणि दोघांचाही त्रास चुकीचा वाचला गेला होता. मुलीचे रडणे दिसताच संशय मुलग्यांवर गेला, कारण मुलीला धोका मुलग्यांकडूनच असतो, असे आपण धरून चालतो. मुलाचा फाटलेला शर्ट दिसूनही संशय कोणावरच गेला नाही. मुलगा आणि मुलगी हा भेद मुलांच्या वागण्यात थोडाफार होता. मोठ्यांच्या पाहण्यात तो कितीतरी जास्त होता.

आता शाळेच्या प्रश्नाकडे येते. या मुलीला मुलींच्या शाळेत पाठवले असते, तर ज्या प्रकारच्या त्रासाने तिचे पोट दुखत होते, त्याला तेथेही मोकळे रान मिळू शकले असते. मुलाला मुलांच्या शाळेत पाठवणे मला अधिक धोक्याचे वाटले; जेथे केवळ मुलगे असतात, तेथे 'मुलीसारखा' ठरवायला त्यांच्यातलाच एक निवडला जातो, असे मी एकाहून अधिक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. अभ्यासाच्या दृष्टीनेही स्वतंत्र वर्गांचा मोठा लाभ दिसत नाही. एरिन पाल्के, जॅनेट हाइड आणि कार्ली ॲलिसन यांनी २०१४मध्ये २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीचा आढावा घेतला. मुळात कोणत्या घरांतली मुले अशा शाळांत जातात, हे ज्या अभ्यासांनी लक्षात घेतले होते, त्यांत दोन्ही प्रकारच्या शाळांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. एखादी मुलगी तिच्या शाळेत रमली असेल, तर ती केवळ मुलींची शाळा आहे म्हणून तेथून काढावी, असा याचा अर्थ मुळीच नाही.

पालकांनी घरी विचारायचे प्रश्न बदलले, तर पुष्कळ कळते. "कोणी त्रास देतं का?" या प्रश्नाला बहुतेक मुले नाही म्हणतात. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास, गटाने काम करायचे असते तेव्हा तुला कोण बोलावते, कोणत्या तासाला जावेसे वाटत नाही, हे प्रश्न मुलालाही विचारावेत आणि मुलीलाही. उत्तर आल्यावर लगेच उपाय सुचवू नये. उलट मारायला सांगणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण छळात मुळातच बळ असमान असते आणि मार खाणाऱ्याकडे ते कमी असते.

शाळेत जाताना तक्रारीऐवजी तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नोंद न्यावी. हजर असलेल्यांची विशेषतः, कारण फिनलंडमधल्या संशोधक क्रिस्टिना सॅल्मिवॅली यांनी दाखवल्याप्रमाणे छळात हसणारे, साथ देणारे आणि नुसते पाहणारे यांचाही वाटा असतो, आणि त्रास देणाऱ्या मुख्य मुलाला शिक्षा करण्यापेक्षा या प्रेक्षकांना फोडणे पुष्कळदा सोपे जाते. या वर्गातही तेच केले. वर्गशिक्षिकेने कपडे बदलण्याच्या वेळी एक शिक्षक नेमून घेतला, आणि हाकेला हसणाऱ्यांपैकी तीन मुलांना वेगवेगळे बोलावून भावाबरोबर प्रकल्पाचे काम दिले. हाक पूर्ण बंद व्हायला काही महिने लागले. मुलीच्या जुन्या मैत्रिणी परत आल्या नाहीत. तिने दुसरी तुकडी मागून घेतली आणि तेथे तिला दोन मैत्रिणी आणि एक मित्र मिळाला.

शाळा बदलावीच लागली, तर नव्या शाळेत आधी विचारावे, की वाळीत टाकल्याची तक्रार कोणाकडे करायची आणि तिचा निकाल पालकांना किती दिवसांत कळतो. ज्या शाळेला याचे उत्तर देता येत नाही, ती मुलांची आहे, मुलींची आहे की दोघांची, हे विचारण्यात वेळ घालवू नये.