हात कुठे ठेवू, ताई?

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांचा आहे. अकाउंट्सच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आहे. चार मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी नकार. हात थरथरतात, आवाज बसतो. एका प्रशिक्षकांनी सांगितलं, समोरच्यावर 55 टक्के छाप देहबोलीची पडते, शब्दांची फक्त 7 टक्के. तेव्हापासून आरशासमोर बसण्याचा, हसण्याचा सराव करतोय. मुलाखतीत मात्र हात कुठे ठेवायचे या विचारात प्रश्नच नीट ऐकू येत नाही.

उत्तर : तुम्ही अकाउंट्सचे, तुम्हाला तरी तो 7 टक्क्यांचा हिशेब खटकायला हवा होता! तसं असतं तर मला न कळणाऱ्या भाषेत बोलणारा उमेदवारही मी निवडला असता. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांवरून आले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, ते ओळखायला लावायचं, एवढाच तो मामला. नोकरीच्या मुलाखतीशी त्याचा संबंध नाही.

मी 22 वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. उमेदवार गेल्यावर माझ्या कागदावर काय उरायचं? ‘हात हलत होते’ असं लिहिल्याचं मला आठवत नाही. ‘काम स्वतः केलं की टीमने, कळलं नाही’ हे मात्र कितीदा तरी लिहिलं. एका मुलीच्या हातातला कागद तर फडफड वाजत होता. ‘हात थरथरतोय, कागद खाली ठेवते,’ म्हणाली आणि दोन खात्यांतला फरक कसा शोधला ते सांगायला लागली. आम्ही तिला घेतलं.

तुमची घाबरगुंडी तुम्हाला जेवढी जाणवते, तेवढी आम्हाला दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये भाषण करणाऱ्यांवर हेच तपासलं होतं. ज्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं चांगली झाली.

आवाजाकडे मात्र लक्ष द्या. घाबरलं की श्वास वरवरचा होतो आणि वाक्याच्या शेवटाला हवा पुरत नाही. आपल्या भाषेत क्रियापद बसतं नेमकं शेवटी. ‘ताळेबंद मी...’ इथवर ऐकू येतं. पुढे ‘जुळवला’, ‘जुळवायला घेतला होता’ की ‘जुळवून घेतला’, ते घशातच राहतं. म्हणजे सगळ्या वाक्यातला कामाचा शब्द गेला! मग पॅनेलवरचा माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि तुम्हाला वाटतं, उत्तर चुकलं.

आरसा ठेवून द्या. केलेल्या एका कामाबद्दल दीड मिनिट बोला: काय अडलं होतं, तुम्ही स्वतः काय केलं, शेवटी काय झालं. ते फोनवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. प्रत्येक वाक्याचं क्रियापद ऐकू आलं का, एवढंच तपासा. प्रश्न संपला की आधी श्वास पूर्ण सोडा, मग बोला. ती दोन सेकंदांची शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल. आम्ही तेवढ्यात मागचं उत्तर लिहून घेत असतो.

आणि हात? मनगटं टेबलावर टेकवा. टेबल नसेल तर मांडीवर. विषय संपला.

एक शंका. चारही नकार देहबोलीच्या खात्यात का टाकताय? जागेसाठी वेगळा अनुभव हवा असेल, आतलाच कोणी ठरलेला असेल. हेही होतं, मी पाहिलंय. पुढच्या वेळी नकार आला तर दोन ओळींचा ईमेल करून विचारा. बरेच जण उत्तर देत नाहीत, पण देणारा असतो.

प्रश्न : व्हिडिओ मुलाखतीत कॅमेऱ्याकडे बघायचं की माणसाकडे?

उत्तर : माणसाची खिडकी सरकवून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणा, निम्मं भांडण तिथेच मिटतं. उत्तराचं पहिलं आणि शेवटचं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून बोला, मध्ये त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. सतत रोखून बघू नका. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना सोसणारी नजर सरासरी 3.3 सेकंदांची निघाली होती. स्वतःचं चित्र लपवा. लपवता येत नसेल तर स्क्रीनच्या तेवढ्या कोपऱ्यावर चिकट कागद लावा.