कोचचा फोन आला, मुलाला पाठवायचं का?

न्यू जर्सीतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. मुलगा लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा सांघिक खेळ) चांगला खेळतो. उन्हाळी स्पर्धेत मेरीलँडच्या खाजगी शाळेचा कोच त्याला हेरतो आणि सुचवतो, ‘इकडे या, नववी पुन्हा करा.’ नाही म्हटलं तर कॉलेजचं काय?

मी समुपदेशक आहे; एका कुटुंबाशी झालेलं बोलणं थोडक्यात देते. ओळखीचे तपशील बदलले आहेत.

“मॅडम, ही संधी गेली तर सगळं संपलं,” बाबा म्हणाले.

“काय संपलं?”

“कॉलेजची शिष्यवृत्ती.”

माणसाला घाबरवते ती घटनेपेक्षा ‘सगळं संपेल’ ही समजूत. तिला नुसता धीर देऊन भागत नाही, तपासावी लागते. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाचे, लॅक्रॉस कोच अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत; हा नियम २०१७ मध्ये आला. २०२५ पर्यंत पुरुषांच्या एका लॅक्रॉस संघाला १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतक्याच रकमेची मर्यादा होती, तीही चाळीसेक खेळाडूंत वाटली जायची. फुकट शिकणारा विरळाच.

नववी पुन्हा करण्यात मोठी मेख आहे. डिव्हिजन वनमध्ये खेळायला एनसीएएला (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) १६ कोर कोर्सेस, म्हणजे इंग्रजी, गणितासारखे मुख्य विषय, लागतात, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी. ते पूर्ण करायच्या चार वर्षांची मोजणी मूल पहिल्यांदा नववीत बसतं तेव्हाच सुरू होते. नववी संपवून परत केली, तर पाचव्या वर्षाचे विषय त्यात धरले जात नाहीत. आठवी पुन्हा केली असती तर ही अडचण नव्हती.

“माझी बहीण बाल्टिमोरला आहे, तिचा पत्ता देऊ,” बाबांचा पुढचा बेत. खेळण्याच्या पात्रतेसाठी आत्याकडे राहणं म्हणजे आईवडिलांनी घर बदलणं नव्हे. अनेक राज्यांच्या शालेय क्रीडा संघटना अशा बदलीनंतर काही काळ खेळू देत नाहीत, आणि अपात्र मुलाला उतरवल्याचं उघड झालं तर जिंकलेले सामनेही काढून घेतात.

इतका वेळ गप्प असलेल्या आईने विचारलं, “अहो, तो कोचच वर्षभरात नोकरी सोडून गेला तर?”

कोणी बोलेना. अशी शांतता भरून काढायची घाई मी करत नाही. समुपदेशनातलं निम्मं कसब तिथंच आहे. मुलगाच शेवटी म्हणाला, “मग मी तिथे का राहू?”

बाबांनी त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर सगळे कोचला काय हवंय तेच बोलत होते. कोच वजा केल्यावरही ती शाळा हवीशी वाटते का, एवढंच मुलाला विचारा. बराचसा गुंता तिथे सुटतो.

शाळा तरीही हवीशी वाटली, तर कोचच्या शब्दावर जाऊ नका. प्रवेश आणि आर्थिक मदतीचं प्रवेश कार्यालयाशी बोला. पहिल्या हंगामात खेळता येईल का, हे शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरकडून (क्रीडा विभागप्रमुख) ईमेलवर लिहून मागा. मुलाची ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) हातात घेऊन कोर कोर्सेस मोजा. प्रवेश करारात, मध्येच शाळा सोडली तर पूर्ण वर्षाची फी भरावी लागते का, ते कलम सहीआधी वाचा.