मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायचा आहे. तिथल्या मुलांना आनंद मिळावा म्हणून आणखी काय करता येईल?

प्रश्नातला ‘वाढदिवस’ वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आमच्या घरात याच विषयावरून सहा वर्षं अबोला आहे.

आधी सरळ सांगते, केक घेऊन जाऊ नका. तुमचा मुलगा आई-बाबांच्या मध्ये उभा राहून केक कापणार आणि समोर टाळ्या वाजवायला कोण, तर आठवड्यापूर्वी आईपासून तुटलेली पोरं. त्यांच्या जागी बसून एकदा बघा.

मी नऊ वर्षं दर शनिवारी मुलींच्या एका बालगृहात जाते. कोणी रेल्वेच्या फलाटावर सापडलेली, कोणाचं लग्न हळदीच्या दिवशी थांबवलेलं, कोणाला घरातल्याच माणसापासून वाचवून आणलेलं. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं आणि चौकशी होईपर्यंत समितीने इथे ठेवायचं, असा रस्ता. कोणी चार दिवसांत घरी जाते, कोणी चार-चार महिने राहते. आणि कृपा करून त्याला ‘रिमांड होम’ म्हणू नका. या मुलींनी काहीही केलेलं नाही, त्यांच्या बाबतीत केलं गेलंय.

अशीच एक दहा-अकरा वर्षांची मुलगी रात्री उशिरा आली. अंगावरच्या कपड्यांनिशी. कमरेपर्यंत केस, पार जटा झालेल्या, उवा-लिखांनी भरलेलं डोकं. अशा वेळी केस बारीक कापतात. मी काळजीवाहक मावशींना दोष देणार नाही. चाळीस मुली आणि दोन मावश्या, एकीच्या उवा आठ दिवसांत सगळ्यांच्या डोक्यात. पण ही पोरगी कात्री दिसली की न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. रात्री वेणी मुठीत धरून झोपायची. ते केस तिच्या आईने वाढवलेले होते.

मी अधीक्षक मॅडमना म्हटलं, मला तीन शनिवार द्या, मी साफ करते. त्या म्हणाल्या, “शनिवारी येऊन काय होणार? रोज फणी फिरली पाहिजे.” बरोबर होतं त्यांचं. मग ऑफिस सुटल्यावर सलग नऊ दिवस गेले. जिन्यात बसायचो, ती खालच्या पायरीवर, मी वरच्या. मांडीवर जुना पांढरा पंचा, बाजूला खोबरेल तेलाची वाटी, घरून नेलेली बारीक दातांची फणी. आधी बोटांनी जट सोडवायची, मग एकेक बट मुळापासून टोकापर्यंत, फणी पंच्यावर झटकायची, नखाने मारायची. दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पंच्यावर पडलेल्या उवा मोजायला लागली. “ताई, सत्तावन्न,” हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

पाचव्या दिवशी आमच्या मागे रांग लागली. “ताई, माझं पण डोकं बघा ना.” निम्म्या जणींच्या डोक्यात काहीही नव्हतं! तरी पाच-पाच मिनिटं मान खाली घालून बसायच्या, डोळे मिटून. त्यांना काय हवं होतं ते मला तिथे कळलं, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्याजवळ असलेलं उत्तर एवढंच आहे.

आता भांडणाचं. त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या दिरांनी पुतण्याचा सातवा वाढदिवस तिथे करायचा घाट घातला. मी नको म्हटलं, तर परस्पर परवानगी काढून आले. केक, वेफर्स, वह्या. फोटो काढायचे नाहीत असं बजावलेलं असताना जाताना सगळ्यांना उभं करून एक काढलाच आणि रात्री स्टेटसला ठेवला. पुढच्या रांगेत आमची ही, दोन वेण्या घालून. ज्याच्यापासून तिला लपवून ठेवलं होतं त्याच्या हातातही मोबाइल असतोच की! मी रात्री अकराला फोन करून तो काढायला लावला. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही सांगितलं. भाऊजींचं उत्तर आजही सगळ्या समारंभांत ऐकायला मिळतं: “मी चाळीस पोरींना केक खाऊ घातला, तू एकीच्या उवा काढल्यास.”

हो, एकीच्याच काढल्या. पुढच्या मंगळवारी समितीचा आदेश आला आणि ती आजोळी गेली. मला शनिवारी कळलं. असंच असतं, निरोप वगैरे काही नसतो. मावशी म्हणाल्या, वेण्या स्वतःच्या स्वतः घातल्या आणि तुमची फणी घेऊन गेली.

म्हणून म्हणते, जायचं तर एक वार ठरवा आणि त्या वारी जा. सागरगोटे खेळा, गोष्ट वाचा, वेण्या घाला, नखं कापा. “इथे का आलीस?” हे कधीही विचारू नका. “पुढच्या वेळी आणते” असं बोलू नका, पुढच्या वेळी ती तिथे असेलच असं नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज द्या. पोलीस पडताळणी मागतील, त्याचा राग मानू नका, ती मागायलाच हवी. माझा अनुभव मुलींच्या एकाच बालगृहाचा आहे, मुलांकडे किंवा शिशुगृहात वेगळं असेल. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर केक खाताना त्या दिवशी मुली खूश होत्या, वह्याही वापरल्या गेल्या. पैसा आणि वस्तू लागतातच.

मुलाचा वाढदिवस मात्र घरीच करा. त्याच्या नावाने चाळीस फण्या नेऊन द्या, दर मुलीला स्वतःची एक. फोटो न काढता.