हार्मोनियम येते, आता गॉस्पेल पियानो शिकायचाय. कॉर्ड आणि इंटरव्हल पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका. मीही भजनाच्या पेटीवरून कीबोर्डकडे वळलो तेव्हा भिंतीला कॉर्डचा तक्ता चिकटवून घोकंपट्टी केली होती. पट्टी बदलली की सगळं साफ!

इंटरव्हल म्हणजे दोन सुरांमधलं अंतर. काळे-पांढरे सगळे स्वर धरून मोजा. सापासून कोमल ग तीन घरं पुढे, शुद्ध ग चार, प सात. मग त्या सात घरांना 'फिफ्थ' का म्हणतात? कारण ते नाव सप्तकातल्या क्रमांकाचं आहे: सा, रे, ग, म, प. आपल्या 'पंचम'मध्येही तोच पाच दडलाय. मी इथेच बरेच दिवस अडलो होतो.

आता कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार सूर. चार घरं आणि मग तीन घरं घेतली की मेजर (सा-ग-प), आधी तीन मग चार म्हणजे मायनर, तीन-तीन म्हणजे डिमिनिश्ड. मेजरवर कोमल नी चढवला की सेव्हन्थ. सुरुवातीला एवढा शिधा पुरतो.

पण नुसत्या सा-ग-प ला गॉस्पेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचा, रंग येत नाही. शिकागोचे थॉमस डॉर्सी, ज्यांना गॉस्पेल संगीताचे जनक म्हणतात, ते आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं चर्चबाहेरचं लोकसंगीत, वाजवायचे. ब्लूजचे ते कोमल ग, कोमल नी त्यांच्यासारख्यांबरोबर चर्चमध्ये आले. म्हणून मेजर कॉर्डमध्येही कोमल स्वर मुद्दाम मिसळतात.

आज बसून हे एकच वाजवा. पांढरी एकचा सा धरा. डावा हात एकेकच स्वर वाजवेल.

डावा सा, उजवा सा-ग-प.
डावा म, उजवा सा-कोमल ग-ध.
डावा तीव्र म, उजवा तसाच, बोटही हलवायचं नाही.
डावा प, उजवा पुन्हा सा-ग-प.

दुसऱ्या ओळीत चौथ्याची, म्हणजे म वरची, सेव्हन्थ झाली: म ला सा मानलं तर कोमल ग हाच त्याचा कोमल नी. तिसऱ्या ओळीत डाव्या हाताने फक्त एक घर वर सरकायचं, आणि तीच कॉर्ड डिमिनिश्ड सेव्हन्थ होते. तीव्र म, ध, सा, कोमल ग: प्रत्येकात तीन-तीन घरांचं अंतर, मोजून बघा. मग कोमल ग वर सरकून शुद्ध होतो, ध खाली पवर उतरतो, सा मात्र जागचा हलत नाही. चर्चमध्ये गाणं चढायला लागलं की ही चढण हमखास ऐकू येते. मला पहिल्यांदा जमली तेव्हा शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं होतं.

वादक आपापसात कॉर्डची नावं न घेता आकडे बोलतात: एक, चार, पाच. म्हणजे सा, म आणि प यांच्यावर उभ्या कॉर्ड. सरगम येणाऱ्याला हे फुकटात मिळालेलं असतं, कारण सा कुठेही धरला तरी म चौथाच. शेवटी 'आमेन' म्हणतानाची चाल म्हणजे चारवरून एकवर येणं.

एक चूक मात्र करू नका: महिनोन्‌महिने पांढरी एकवर बसून राहण्याची. गॉस्पेलमध्ये ए फ्लॅट आणि डी फ्लॅट फार चालतात, म्हणजे आपली काळी चार आणि काळी एक. भजनात काळी एकला साथ केली असेल तर बोटांना तिथली वाट माहीत आहेच. वरच्या चार ओळी पुढच्या आठवड्यात तिथेच वाजवा.